मागच्या रांगेतली पोरं

अजिंठ्याच्या दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात शिरलं की माणसं मान वर करून चालू लागतात. छतावर गोलात फेर धरलेले हंस, वेली, कमळं. खाली बघायला कुणाला सवड नसते. पण गाभाऱ्याच्या उजव्या हाताला एक देवळी आहे, तिथे हारिती आणि तिचा नवरा पांचिक बसले आहेत. त्यांच्या बैठकीखालची पट्टी जरा वाकून पाहावी. तिथे दगडात शाळा भरली आहे. छडी घेतलेले गुरुजी आहेत, समोर बसलेली पोरं आहेत. पुढची लक्ष देऊन ऐकताहेत, मागची आपल्याच नादात खेळताहेत, आणि त्या खेळात एडकेही आहेत. पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातला हा वर्ग. गुरुजी काय शिकवत होते ते आज सांगता येत नाही. मागची पोरं काय करत होती ते मात्र स्पष्ट दिसतं.

हारितीची गोष्ट तशी भयंकर आहे. राजगृहातली मुलं पळवून खाणारी ही यक्षी, आणि तिला स्वतःला पाचशे पोरं. बुद्धाने तिचं सगळ्यात धाकटं भिक्षापात्राखाली लपवलं तेव्हा तिला दुसऱ्या आयांचा आकांत कळला आणि ती मुलांची राखणदार झाली. अशा देवतेच्या पायाशी शाळा कोरावी हे सुचणं समजू शकतं. मला नवल वाटतं ते कारागिराच्या दुसऱ्या निर्णयाचं. त्याने मागच्या रांगेला छडी खाताना दाखवलेलं नाही, खेळताना दाखवलं आहे.

गेल्या दहा-पंधरा वर्षांत आपल्या प्राथमिक शाळांत उपक्रमांचा पूर आला आहे. दिन, सप्ताह, पंधरवडा, उत्सव, अभियान. त्यातलं बरंच चांगलं आहे, काही निव्वळ धावपळ आहे. दोन्ही वेगळं करायला माझ्याकडे एकच चाळणी आहे: त्या दिवशी मागच्या रांगेतलं पोर काय करत होतं?

लेण्यांपासून फर्दापूरवरून घाट चढून वर आलं की अजिंठा गाव लागतं. लेणी सोयगाव तालुक्यात लेणापूरच्या शिवारात, गाव सिल्लोड तालुक्यात. जुन्या वेशी, तटबंदी, बाजार, आणि भोवती मका, कपाशी, मिरची. या पट्ट्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेचा फळा महाराष्ट्रातल्या इतर कुठल्याही शाळेसारखाच असतो. वर तारीख-वार, मग सुविचार, मग पट, मग दिनविशेष. दिनविशेष म्हणजे कुणाची तरी जयंती किंवा पुण्यतिथी. तसबिरीला हार, उदबत्ती, आणि मग भाषणं.

या भाषणांचं एक अजब शास्त्र आहे. ‘अध्यक्ष महाशय, पूज्य गुरुजनवर्ग आणि माझ्या बालमित्रांनो’ इथून सुटलेली गाडी ‘एवढे बोलून मी माझे दोन शब्द संपवतो’ या ठेसनापर्यंत मध्ये न थांबता येते. १ ऑगस्टला टिळकांची पुण्यतिथी आणि अण्णा भाऊ साठ्यांची जयंती एकाच दिवशी, त्यामुळे शेंगांची टरफलं आणि दीड दिवसाची शाळा एकाच सकाळी उरकतात. बोलणारी मुलं बहुधा तीच ती पाच-सहा. ती धीट आहेत, त्यांच्या घरी पाठांतर घ्यायला कुणीतरी आहे. उरलेला वर्ग टाळ्या वाजवतो. एखादा पायाने मातीत रेघोट्या ओढतो. माझ्या चाळणीतून हा दिवस खाली पडतो. बालदिनाची तर वेगळीच गंमत. १४ नोव्हेंबर बऱ्याचदा दिवाळीच्या सुट्टीत सापडतो, आणि २०२० मध्ये तर लक्ष्मीपूजनच त्या दिवशी होतं. मुलांचा दिवस मुलांनी घरी फटाके उडवून साजरा केला; शाळेने केला असता त्यापेक्षा बराच म्हणायचा.

याउलट पोळ्याच्या आधीचा दिवस बघा.

श्रावणी अमावास्येला पोळा. त्या दिवशी पोरं घरच्या बैलांपाशी, म्हणून शाळेतलं मातकाम आदल्या दिवशी. काळी माती आणायची, खडे निवडायचे, ओली करून तुडवायची. नुसत्या काळ्या मातीला वाळताना भेगा पडतात, म्हणून थोडं तूस किंवा कापसाचे तंतू मळून घ्यायचे. हे बाईंनी सांगायची गरज पडत नाही. ज्याच्या घरी चूल घातली जाते किंवा भिंत लिंपली जाते त्या पोराला ते ठाऊक असतं. धड सोपं, डोकं जमतं, खरी परीक्षा पायांची. चार पाय सारखे झाले नाहीत तर बैल गुडघ्यावर येतो. मग कुणी आत काटकी घालतं, कुणी बैल बसवूनच टाकतं. ‘आमचा रवंथ करतोय,’ म्हणायला मोकळं. डोळ्यांना जोंधळ्याचे दाणे, शिंगांना बाभळीचे काटे, झुलीला चिंधी, अंगावर गेरूचे ठिपके.

इथे रांगा उलटतात. वाचनात अडखळणारा, गणितात बोटं मोजणारा मुलगा अचानक वर्गाचा जाणकार होतो. बैलाला वशिंड असतं, ते मानेच्या मागे कुठे येतं, वेसण कुठून कशी जाते, मोरकी कशी बांधतात, कासरा कोणत्या हातात धरतात हे तो पहिल्या नंबराच्या मुलीला दाखवतो. आदल्या संध्याकाळच्या खांदेमळणीत तूप-हळद कशी चोळतात ते अभिनयासह सांगतो. शहाणे शिक्षक हे सगळे शब्द फळ्यावर लिहून घेतात. झूल, बाशिंग, घुंगुरमाळ, शेंब्या, जू, शिवळ. आठ-दहा ओळी फळ्यावर जमल्या की तोच त्या दिवसाचा वाचनपाठ. ज्याने शब्द सांगितले त्याला ते वाचता येतातच, कारण ते त्याचेच असतात. आता ट्रॅक्टर आले, दावणीला बैलजोडी असलेली घरं कमी झाली, त्यामुळे काही मुलांनी बैल जवळून पाहिलेला असतो तो मातीचाच. तरी हा दिवस टिकून आहे, कारण त्याला लागणारं सगळं सामान पायाखाली पडलेलं आहे.

त्यातल्या एखाद्या वर्गाला पहिल्या लेण्यातली बैलांची झुंज दाखवता आली तर? खांबाच्या वरच्या भागात दोन बैल डोकी खाली घालून भिडलेले रंगवले आहेत. सकाळी मातीत मान वळवताना घाम फुटलेल्या पोराला त्या चित्रकाराचं कसब कुठल्याही गाइडपेक्षा लवकर कळेल.

गेरूचा विषय निघालाच आहे तर रंगांकडे येऊ, कारण अजिंठ्याच्या शाळेला चित्रकलेचं सामान विकत आणावं लागणं हाच मला एक विनोद वाटतो. लेण्यांतल्या चित्रांचे बहुतेक रंग याच डोंगरांतल्या मातीचे आणि दगडांचे आहेत. तांबडा आणि पिवळा गेरू, हिरवी माती, पांढरा चुन्या-मातीचा, काळा काजळीचा. फक्त निळा परका. तो लाजवर्द नावाच्या दगडाचा, अफगाणिस्तानातल्या बदख्शानकडून आलेला. भिंतसुद्धा ओळखीचीच: दगडावर मातीचा गिलावा, त्यात भाताचं तूस, गवत, झाडपाल्याचे तंतू, त्यावर पातळ पांढरा हात, आणि तो वाळल्यावर चिकट पदार्थात कालवलेले रंग. गावाकडच्या आया शेणमातीत तूस घालून भिंत लिंपतात आणि खाली गेरूचा पट्टा ओढतात, ते याच घराण्यातलं काम आहे.

वर्गात हे करायला खर्च नाही. वेगवेगळ्या शेतांतून, ओढ्यातून, विहिरीच्या खोदकामातून मूठभर माती आणायची. ती वस्त्रगाळ करायची, पाण्यात निवळून घ्यायची. बाभळीचा डिंक रात्री भिजत घालायचा आणि सकाळी त्यात माती घोटायची. जुन्या पोत्याच्या तुकड्यावर किंवा पुठ्ठ्यावर मातीचा लेप देऊन वाळवायचा आणि त्यावर काढायचं. तिसरीतल्या मुलांना एकाच गावात किती रंगांची माती आहे हे पहिल्यांदा दिसतं. मग कुणीतरी विचारतंच, ‘निळा कुठाय?’ इथे नकाशा काढावा. बदख्शान कुठे, अजिंठा कुठे, दगड कोणी आणला असेल, कशावरून, त्याच्या बदल्यात काय दिलं असेल. भूगोलाचा पाठ आपसूक सुरू होतो. निळ्याशिवाय अडलंच तर गोकर्णाची फुलं आहेत. त्यांच्या पाण्यात लिंबू पिळलं की ते जांभळं होतं. हळदीत चुना घातला की लाल होते, हे तर प्रत्येक घरात माहीत. यातल्या कुठल्याही गोष्टीला रंगपेटी लागत नाही, आणि रंगपेटी आणू न शकलेलं मूल या दिवशी ओळखू येत नाही. दुकानातून आणायच्या साहित्याच्या यादीने सुरू होणारा उपक्रम पहिल्याच ओळीत अर्धा वर्ग मागे ढकलतो, हे ‘टाकाऊतून टिकाऊ’च्या नावाखाली नवी कोरी थर्माकोलची शीट आणायला सांगणाऱ्यांच्या लक्षात यायला हवं.

हे शहाणपण महाराष्ट्राला नवं नाही. गिजुभाई बधेकांनी १९२० मध्ये भावनगरला बालमंदिर सुरू केलं. तिथे त्यांच्याबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडक पुढे तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात बोर्डीला आणि १९५७ मध्ये कोसबाडच्या टेकडीवर गेल्या, सोबत अनुताई वाघ. माँटेसरीबाईंचं महागडं लाकडी साहित्य आदिवासी पाड्यावर परवडणार नव्हतं. मग शंख-शिंपले, बिया, पानं, खडे हेच साहित्य झालं. मुलं शाळेत येईनात, तर शाळा अंगणात गेली. मुलं गुरांमागे रानात असली, तर शाळा कुरणात गेली. अंगणवाडी हा आज सरकारी झालेला शब्द आणि कुरणशाळा हा विसरलेला, दोन्ही तिथले. मागची रांग वर्गात येतच नव्हती, तर या दोघींनी वर्गच उचलून तिच्याजवळ नेला. पुढे १९८५ मध्ये कोल्हापुरात लीलाताई पाटलांनी ‘सृजन आनंद’ उभी केली ती याच वाटेवर. त्यावर पुस्तकं आहेत. मी इथे लांबण लावत नाही.

कायद्यानेही एव्हाना हे मान्य केलंय. २००९ चा शिक्षणहक्क कायदा कृतीतून आणि शोधातून शिकण्याची भाषा करतो. २०२० च्या राष्ट्रीय धोरणात सहावी ते आठवीसाठी दहा दिवस दप्तराविना सांगितले आहेत. राज्य सरकारने २०२४ मध्ये पहिली ते आठवीसाठी ‘आनंददायी शनिवार’ आणला. शनिवार निवडणं हे मला पटलं, कारण शनिवारची सकाळची शाळा आधीच अर्धी सैल असते: कवायत, सफाई, नखं तपासणी. त्या सैलपणाला सरकारने नाव दिलं. योग, रस्ता सुरक्षा, आपत्तीत काय करायचं, पैशांची ओळख असं बरंच त्यात घातलं आहे. आनंदाच्या यादीत आपत्ती व्यवस्थापन आलं की माझी जरा करमणूक होते. पण जिथे शिक्षकाने यादीतून आपल्याला हवं ते उचललं तिथे शनिवार खरंच बदलला.

अडचण यादीची नाही, पुराव्याची आहे. शिक्षकांच्या कुठल्याही व्हॉट्सअॅप गटावर दुपारपर्यंत एकच मजकूर फिरत असतो: फोटो पाठवा, लिंक भरा, अहवाल आजच द्या. मग दिवसाची आखणी फोटोच्या अंगाने होते. आधी बॅनर, मग मुलं गोलात, मधे तयार वस्तू, मागे बाई. फोटो झाला की गोल मोडतो. मातीचा बैल अशा दिवसाला सोयीचा नसतो; तो वाळायला दोन दिवस लागतात, आणि पहिल्या दिवशी तो फोटोत चिखलाचा गोळा दिसतो. सोयीचा असतो तो आदल्या रात्री बाईंनी घरी बसून केलेला नमुना. त्यात ज्या शाळेत दोन शिक्षक चार वर्ग सांभाळतात, शालेय पोषण आहाराचा हिशोब ठेवतात आणि मतदार याद्यांसाठी घरोघर फिरतात, तिथे एका शिक्षकाने फोटो काढायचा म्हणजे एका वर्गाने गप्प बसायचं. दोष त्या शिक्षकाला देण्यात अर्थ नाही. वरून फोटो मागणं बंद केलं तर त्याच शाळेत त्याच माणसांच्या हातून बैल होतील.

आनंदनगरीचं मात्र कौतुक केलं पाहिजे. बाजार म्हणा, बालआनंद मेळावा म्हणा, हिवाळ्यात एक दिवस पटांगणात पोरांची दुकानं लागतात. बोरं, चिंचा, उकडलेल्या शेंगा, भेळ, मेथीच्या जुड्या, पेरू. आई-बाप गिऱ्हाईक. इथे पुन्हा आठवडी बाजारात बापाशेजारी बसणारा मुलगा राजा असतो. सुट्टे कसे ठेवायचे, शेवटच्या जुड्या कधी स्वस्त करायच्या, उधारी मागणाऱ्या काकांना कसं टाळायचं, सगळं त्याला येतं. परत वर्गात आल्यावर भांडवल, विक्री, नफा, उरलेला माल असा तक्ता मांडला तर तोंडी हिशोब करणाऱ्या या मुलाला कागदावरचा हिशोब पहिल्यांदा आपला वाटतो. बिघडतं तिथे, जिथे आया रात्रभर मंचुरियन तळतात आणि कुणाचं दुकान जास्त सजलं यावर बक्षीस ठेवतात.

आता जरा गावाच्या स्वतःच्या कॅलेंडरकडे. मुंबईहून आलेल्या यादीत नसलेले किंवा तिथे ओझरते येणारे काही दिवस या भागाचे हक्काचे आहेत. १६ सप्टेंबर हा ना. धों. महानोरांचा जन्मदिवस. त्यांचं पळसखेडे सोयगाव तालुक्यातलंच, आणि अजिंठ्यावर त्यांनी दीर्घकाव्य लिहिलं. पाठ्यपुस्तकात कवी म्हणून भेटणारा माणूस शेजारच्या शिवारात कपाशी, ज्वारी पिकवत होता हे मुलांना कळणं मोठं आहे. त्या दिवशी कविता पाठ करण्यापेक्षा शेतात जाऊन दिसेल त्या पाखराचं, पिकाचं, गवताचं नाव लिहून आणावं. महानोरांना ते आवडलं असतं, असं आपलं मला वाटतं.

दुसऱ्याच दिवशी १७ सप्टेंबर, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. १९४८ साली याच दिवशी हैदराबाद संस्थान शरण आलं. उरलेल्या महाराष्ट्रातल्या पोरांना हा दिवस फारसा ठाऊक नसतो. इथे झेंडावंदन होतं, भाषणं होतात आणि दहा वाजता सुट्टी. यात करण्यासारखं खूप आहे. निजामाच्या काळातले उर्दू कागद अजून कित्येक घरांच्या ट्रंकेत आहेत. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधताना उर्दू आणि मोडीतल्या कागदांची चर्चा घरोघर झालीच. मराठी शाळेतल्या मुलाने असा एक कागद आणावा आणि उर्दू शाळेतल्या मुलीने तो वाचून दाखवावा, निदान ओळखीचे शब्द तरी. या भागात दोन्ही माध्यमांच्या शाळा आहेत. मुलं एकाच बाजारातून घरी जातात, पण शाळेच्या एखाद्या दिवसासाठी एकत्र बसण्याचा योग क्वचित येतो.

याच जिल्ह्यातल्या गाडीवाट या गावच्या जिल्हा परिषद शाळेने २०१९ मध्ये मुलांनाच विचारलं की कोणती परकी भाषा शिकायची. मुलांनी जपानी निवडली. रोबो आणि तंत्रज्ञान जपानचं म्हणून. ती बातमी देशभर गाजली. मला त्यातलं ‘मुलांनाच विचारलं’ एवढंच महत्त्वाचं वाटतं. जपानी पाहुणे तर अजिंठ्यालाही येतात. त्यांच्याशी बोलायला दोन वाक्यं आणि द्यायला कागदाचा एक पक्षी एवढी तयारी इथल्या चौथीच्या वर्गाला जड नाही.

शेवटी लेण्यांची सहल. महाराष्ट्रातल्या चित्रकलेच्या वर्गाची सर्वांत लांब सहल इथेच झाली आहे. आधी मेजर रॉबर्ट गिल १८४४ पासून एकटा चित्रांच्या नकला करत राहिला. त्यातल्या बहुतेक १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या. मग मुंबईच्या जे. जे. कला शाळेचे जॉन ग्रिफिथ्स १८७२ पासून विद्यार्थ्यांना घेऊन यायला लागले. अधूनमधून खंड पडत १८८५ पर्यंत हे चाललं. पेस्तनजी बोमनजी हे त्यातलेच एक विद्यार्थी. अंधुक उजेडात समोरची रेघ पाहायची आणि हाताने पुन्हा ओढायची, एवढाच त्यांचा अभ्यासक्रम. त्यांच्याही बऱ्याच नकला १८८५ मध्ये लंडनलाच जळाल्या. उरल्या त्या पुस्तकात आल्या. आणि त्या पोरांच्या हातात जे बसलं ते त्यांच्याबरोबर मुंबईला गेलं.

आजची शालेय सहल याच्या नेमकी उलट. तीसच्या तीस लेणी दोन तासांत, ओळीने, शिट्टीच्या तालावर. पोरांना आठवतात ती माकडं आणि आइस्क्रीम. त्यापेक्षा जवळच्या शाळांनी एका खेपेला एकच लेणं करावं. सतराव्या लेण्यात आंधळ्या आईची सेवा करणाऱ्या हत्तीची गोष्ट आहे. राजाने पकडून नेल्यावर तो खाणंपिणं सोडतो, आई उपाशी असेल म्हणून. तिथेच आपल्या कळपासाठी अंगाचा पूल करणाऱ्या वानरराजाची गोष्ट आहे. वानरराजाचं नाटक करायला चाळीस पोरं लागतात आणि एकालाही संवाद पाठ करावा लागत नाही. पूल तेवढा व्हायला हवा. दोन्ही पोरं दान देऊन टाकणाऱ्या विश्वंतराची गोष्ट मात्र मी तिसरी-चौथीला सांगणार नाही. रात्री झोपणार नाहीत.

दहाव्या लेण्यात एका खांबावर जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याने २८ एप्रिल १८१९ ही तारीख टाकून आपलं नाव कोरलं आहे. भिंतीवर नाव लिहू नये हे सांगायला याहून चांगली जागा नाही, आणि मग साहेबाने लिहिलेलं का चालतं या प्रश्नाला उत्तर तयार ठेवावं.

पहिल्या लेण्यात एका खांबावर चार हरणं आहेत आणि डोकं एकच. कुठल्याही हरणाकडे पाहा, डोकं त्याचंच वाटतं. मुलांना तिथेच खाली बसवावं, ते कसं केलंय ते शोधू द्यावं, आणि शाळेत परत आल्यावर कागद कापून तसं करून पाहायला सांगावं. दोन हरणांचं बहुतेकांना जमतं. तिसऱ्याला गडबड होते. ज्याला चार जमतील तो कुठल्या रांगेत बसतो ते बाईंनी पाहून ठेवावं.

पंधरा वर्षांखालच्यांना तिकीट नाही. गाड्या फर्दापूरच्या टी-पॉइंटलाच थांबवतात, तिथून पुढे एसटीची बस. १९ ते २५ नोव्हेंबर हा जागतिक वारसा सप्ताह, दिवाळीची सुट्टी बहुधा संपलेली, ऊन कोवळं, म्हणून तो बरा. १८ एप्रिलच्या वारसा दिनाला दगड तापलेला असतो आणि वर परीक्षा. डबे घरून न्यावेत, माकडांपासून सांभाळावेत. आणि सोमवार टाळावा. सोमवारी लेणी बंद असतात.